विजेचा उपवास

तुळसाबाईनं पदराचं टोक हाताभोवती गुंडाळलं, मेन स्विचचा दांडा खाली ओढला, आणि टीव्हीवरची बाई बोलता बोलता नाहीशी झाली. पंखा फिरत फिरत मंदावला. फ्रिजची घरघर थांबली, तेव्हा ती इतका वेळ चालू होती हे लक्षात आलं.

"आजी, मेरा चार्जिंग!" आतून मयुरी ओरडली.

"राहू दे. त्याले बी उपास."

स्वयंपाकघरात सून गीतानं भाताचा उकळता गंज गॅसवरून उतरवला, तणसानं भरलेल्या टोपलीत बसवला आणि वरून जुनी गोधडी दाबली. अर्धा कच्चा भात तिथंच आपल्या वाफेवर शिजत असे. गॅस बंद करून ती खिडकीतल्या उजेडाच्या शेवटच्या पट्ट्यात हात पुसत उभी राहिली. आषाढापासून घराला याची सवय झाली होती.

आषाढात मयुरीनं आपल्या हिंदी शाळेतून एक शपथ आणली होती. बिजली बचाने की. शाळेत सगळ्यांना रांगेत उभं करून हात पुढे करायला लावले होते, आणि घरी आल्यावर तिनं आईला, बापाला, आजीला तसंच उभं केलं. मग आजीला विचारलं, "यंदा चातुर्मासात काय सोडतेस?" एका वर्षी वांगं, एका वर्षी साखर, एका वर्षी गादी, असं आजी काही ना काही सोडायची हे तिला ठाऊक होतं. तुळसाबाईनं उत्तर दुसऱ्या दिवशी अंघोळ करून आल्यावर दिलं. तिन्हीसांजेला तुळशीपुढं दिवा लागला की तो विझेपर्यंत घरातली वीज बंद. एक पळी तेल, एक वात. मध्ये तेल घालायचं नाही, वात पुढं सारायची नाही. दिवा आपला आपण शांत झाला की मयुरीनं स्टुलावर चढून मेन उचलायचा.

गल्लीतल्या बायका आधी हसल्या. "तुळसाबाईनं बिजलीले उपास धराले लावला," म्हणाल्या. भादव्यात त्यांच्यातल्या दोघी-तिघींच्या घरी त्या वेळी अंधार दिसू लागला. हेमराजनं क्रिकेटची शेवटची षटकंसुद्धा आईच्या दिव्यासाठी सोडून दिली होती. चिडायचा, बाहेर जाऊन बिडी ओढायचा, पण दांड्याला हात लावायचा नाही.

तुळसाबाई दिवा घेऊन परसात आली. राजेगावच्या अलीकडचं हे गाव, आणि गावातलं हे शेवटचं घर. परसात तुळस, मग गुरांचा कोठा, आणि कोठ्यामागं उतरत गेलेल्या त्यांच्या धानाच्या बांध्या, थेट नाल्यापर्यंत. नाल्यापलीकडं चैतरामची टोली, पाच-सात घरांची. कार्तिक नुकताच लागला होता. धान पिवळं पडून वाकलं होतं.

दिवा ओट्यावर ठेवून तिनं हात जोडले. डोळे मिटण्याआधी नजर सहज खाली गेली. बांध्यांमधल्या मातीच्या धुऱ्यावरून कोणीतरी नाल्याकडं चाललं होतं. डोक्यावर काहीतरी मोठं होतं, हलत होतं. मग धान आणि अंधार एक झाले, आणि काही दिसेना.

स्तोत्र म्हणून तिनं डोळे उघडले, तेव्हा हेमराज कोठ्यापाशी उभा होता. हातात पक्कड. पोटऱ्यांपर्यंत चिखल.

"पाडला का मेन?"

"हौ. आत्ताच दिवा लावला."

"बरं." त्यानं पक्कड खिशात कोंबली. "विझला का मग उचला. कोठ्यातलं बटन मी दाबूनच ठीवलं हाय."

"कायचं बटन?"

हेमराजनं कोठ्याच्या भिंतीकडं पाहिलं. "तारेचं."

दुपारी तो तारेचं भेंडोळं खांद्यावर टाकून वावरात गेला होता. तिनं विचारलं तेव्हा कुंपण घालतो म्हणाला होता. आता तिला भिंतीवरून खाली उतरलेली, जमिनीलगत धानाकडं गेलेली ती वायर दिसली.

"तू तं कुंपन म्हनला होतास रे बाबू."

"कुंपनच हाय. करंटचं."

तुळसाबाईचा हात आपोआप दिव्याच्या बाजूला गेला. वारा नव्हता, तरी तिनं आडोसा धरला.

"असं करू नये बाबू. त्यात जीव जाते."

"डुकराचा जाते. जाऊ दे ना." तो ओट्यापाशी येऊन उकिडवा बसला. आवाज चढला नव्हता, पण दमलेला होता. "कालची बांधी पाह्यली का तू? खाल्लं तं खाल्लं, वरून लोळले त्याच्यात. लोंबी भरली होती, माय. मचानीवर बसून डबे वाजवू वाजवू हात सुजले माये. दिवाळीपासून एक रात झोपलो नाही. आज झोपतो."

"धुऱ्यावरून कोनी तरी गेलं आत्ता."

"कोन?"

"डोक्शावर भारा होता. कमला असन. गवत घेऊन जात असन."

हेमराजनं खाली पाहिलं. मग आईकडं. तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकत आला होता. एकादशी झाली की गोंदियाला नेऊन ऑपरेशन करायचं ठरलं होतं.

"मांगच्या हप्त्यात बी तुले कोनी दिसलं होतं," तो म्हणाला. "चहा घेऊन गेलती त्याच्यासाठी. कोन निघालं?"

तुळसाबाईनं पदर सारखा केला.

"बुजगावनं निघालं. अर्धा कप चहा थंडा करून परत आनला तूनं."

एरवी या गोष्टीवर स्वयंपाकघरातून गीताच्या हसण्याचा आवाज आला असता. आज आला नाही. ती दारात येऊन उभी होती.

"पाहून तं या एकखेप," गीता म्हणाली.

"तुम्ही दोघी ना..." हेमराज गुडघ्यांवर हात देऊन उठला. कोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत गेला, तोंडाभोवती हात धरले. "कोन हाय बे वावरात?"

आवाज बांध्यांवरून उतरत नाल्यापर्यंत गेला. खालून काही आलं नाही.

"चैतरामच्या घरचं कोनी असन तं आईकून घ्या! धुऱ्यावर पाय दिसला तं टांग तोडीन!"

तरी काही नाही. दूर गोंदियाच्या रस्त्यावर ट्रकनं गियर बदलला. हेमराज परत आला आणि ओट्यावर टेकला.

"झालं समाधान? कोनी नाही."

दिवा सरळ जळत होता. पणतीतल्या तेलात वातीची लाल रेघ दिसत होती. तुळसाबाईला रोज ते तेल पाहायची सवय नव्हती. ती डोळे मिटून नाव घेत बसायची, आणि दिवा केव्हा शांत झाला ते मयुरीच्या पायांच्या आवाजावरून तिला कळायचं. आज ती डोळे उघडे ठेवून बसली होती, आणि तेल काठापासून कसं खाली खाली चाललंय ते तिला दिसत होतं.

चैतरामची कालवड पोळ्यानंतर एकदा यांच्या धानात शिरली होती. हेमराजनं ती रात्रभर आपल्या कोठ्यात बांधून ठेवली. सकाळी चैतराम आला, शब्दाला शब्द लागला, आणि आईबहिणीपर्यंत गेला. तेव्हापासून टोलीतल्या माणसांना धुरा बंद. त्यांनी पुलावरून फिरून जायचं. चैतराम जायचा. पण त्याची बायको कमला दिवसभर लोकांच्या धान कापणीला जाते, येताना गवताचा भारा घेते, आणि एवढं ओझं घेऊन पुलापर्यंत जायचं म्हणजे मान मोडते. अंधार पडायला लागला की ती हळूच याच धुऱ्यानं उतरते. तुळसाबाईनं सकाळी ओल्या मातीत तिची पावलं पाहिली होती. लेकाला सांगितलं नव्हतं.

तिनं उठून कोठ्यापर्यंत जाऊन पाहिलं. "कमला!" तिनं हाक दिली. "ओ कमला! थांब तिथंच!"

उभ्या आयुष्यात तिनं कोणाला मोठ्यानं हाक मारली नव्हती. तिचा आवाज देवाजवळ बसायचा. तो कोठ्याच्या पुढं गेला की नाही, तिलाच कळलं नाही. गाय तेवढी कान हलवून तिच्याकडं पाहू लागली. पुढं जावं तर उतार, त्यात अंधारात तार नेमकी कुठून कुठं गेली ते तिला ठाऊक नव्हतं. आणि दिवा मागं एकटा होता. ती परत आली.

"बाबू."

"हं."

"तुयी तसी हाक आईकून ओ कोन देईन?"

हेमराज काडीनं पायाचा चिखल काढत होता. काडी थांबली.

"टांग तोडीन म्हनलास. मी असती तं मी बी धानात दडून बसली असती. तू घरात जाईपर्यंत."

"माय, तिथं कोनी नाही."

"नसन बी."

"मंग?"

"मले बी नक्की नाही. डोया असा हाय." तिनं डाव्या हाताची बोटं उजव्या डोळ्यासमोर धरली. "पन भारा हलत होता रे. बुजगावनं हलते का?"

"हवेनं हलते."

"आज हवा हाय का?"

दिव्याची ज्योत तशीच सरळ उभी होती. दोघांनीही तिच्याकडं पाहिलं.

हेमराज एकदम उठला. "तुले तार नको हाय, म्हनून तुले कोनी तरी दिसून राह्यलं. समजते मले. आज कमला, उद्या गावचा पटेल, परवा आनखी कोनी." तो थांबला. आईशी अशा स्वरात तो बोलत नसे. मग हळू म्हणाला, "दिवा हाय तोवर मी थांबतो. तुया नेमाच्या आड मी कधी आलो नाही. तू बी माया फसलीच्या आड येऊ नको."

तुळसाबाईनं मान हलवली.

घरात मयुरी अंधारातच कविता पाठ करत होती, हिंदीतली, त्याच त्या ओळीवर अडखळून पुन्हा पहिल्यापासून. गीता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा दिव्याकडं. गाईच्या गळ्यातली घंटी वाजली. खाली वावरात कुठंतरी धानाची सळसळ झाली आणि थांबली. ती डुकराची होती, माणसाची होती, की पानात उतरणाऱ्या दवाची, हे तिघांपैकी कोणाला सांगता आलं नसतं. पण तिघांनीही ती ऐकली होती.

"डुकरं यायले लागले," हेमराज म्हणाला.

वातीच्या टोकाशी काजळी धरली होती. तेलाचा तळ दिसू लागला. रोज या वेळी दिवा एकदा मोठा होतो, आजूबाजूची दोन-चार पानं उजळतात, आणि मग तो आत आत जातो. तुळसाबाईला ते पाठ होतं.

तिनं ओट्याच्या कोनाड्यातलं तेलाचं भांडं काढलं. त्यातली पळी उचलली. हात पणतीवर येऊन थांबला. सासू गेली त्या दिवशीसुद्धा तिनं एकभुक्त मोडलं नव्हतं. नवऱ्याला दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा ती तिथल्या पायरीवर बसून नेमाचा जप पुरा करून मग आत गेली होती. नेमातून आपल्याला हवी तशी वाट काढणाऱ्या बायकांविषयी ती कधी वाईट बोलली नाही, पण स्वतः कधी त्या वाटेनं गेलीही नव्हती.

पळीतून तेलाची धार सुटली. थोडं ओट्यावर सांडलं. ज्योत दबली, चुरचुरली, आणि पुन्हा वर आली.

गीतानं तोंडावर पदर धरला.

हेमराज पाहत होता.

"एक पळी होती ना नेमाची?"

"हौ."

"मंग?"

तुळसाबाईनं पळी भांड्यात ठेवली. बोटाला लागलेलं तेल केसांना पुसलं.

हेमराज उठून कोठ्याकडं गेला, तिथून परत आला, पुन्हा गेला. खालचा अंधार आता दाट झाला होता. गल्लीतल्या नेम धरलेल्या घरांचे दिवेही एकेक करून लागले. पलीकडल्या घरात कुकरची शिट्टी झाली. सगळ्या गावात उजेड आणि फक्त यांच्याच घरी अंधार, असं पहिल्यांदाच होत होतं.

"आजी!" मयुरीची कविता थांबली. "आज इतना देर क्यों? बुझा नहीं क्या?"

"नाही, बाई."

"मेरा पूरा होमवर्क बाकी है."

"थांब जराशी."

दुसरी पळी पहिलीपेक्षा लवकर संपतेय असं वाटत होतं. किंवा वात आता लहान झाली होती. तुळसाबाईनं पुन्हा भांडं ओढलं. पळी तळाला खरवडली. वर आली तेव्हा तिच्यात थेंबभर तेल होतं. ते तिनं घातलं. भांडं उपडं करून धरलं. एक थेंब काठाशी जमला, लांबला, पडला.

घरात आणखी तेल होतं. फळीवर डबा होता. पण त्यासाठी उठून आत जायचं, अंधारात चाचपडायचं, आणि तोवर ही ज्योत इथं एकटी. तिनं गीताकडं पाहिलं. गीता हलली, आणि हेमराजनं तिच्याकडं पाहिलं तशी जागच्या जागी थांबली.

ज्योत एकदा मोठी झाली. तुळशीची पानं उजळली. मग ती आत आत जाऊ लागली. तुळसाबाईनं दोन्ही तळवे तिच्याभोवती धरले. बोटांमधून लाल दिसणारा उजेड हळूहळू काळपट होत गेला.

आत स्टूल ओढल्याचा आवाज झाला. फरशीवर त्याचे पाय करकरले, आणि भिंतीला टेकले.

"बुझ गया ना, आजी?" मयुरीचा आवाज आता उंचावरून येत होता. "दिखता नहीं मेरे को. उचलू का मी?"

"हात नको लावू!"

हेमराज ओरडला होता. इतक्या जोरानं की गाय दावं ताणून मागं सरली. तो दारापर्यंत धावलाही होता, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. आत अंधारात लेक स्टुलावर उभी होती, हात वर नेलेला, तसाच.

"पप्पा?"

"उतर, बाई. खाली उतर." त्याचा आवाज बसला. "त्याले हात नको लावू तू. आज नको लावू."

"पर रोज तो मैं ही..."

"उतर म्हनलं ना."

मयुरी उतरली. रडायच्या बेतात होती, पण का ओरडा खाल्ला हेच तिला कळलं नव्हतं. हेमराज तिच्याजवळून आत गेला. फळीवर चाचपडला. काहीतरी खाली पडलं, घरंगळत गेलं. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात तेलाचा डबा होता. त्यानं तो आईच्या गुडघ्यापाशी ठेवला, झाकण उघडून. दुसऱ्या हातात खुंटीवरची बॅटरी होती.

"विझू देऊ नको," तो म्हणाला.

त्यानं कोठ्याच्या भिंतीवरची वायर हिसकली. ती सापासारखी अंगणात पडली. मग बॅटरीचा उजेड उतारावरून खाली जाऊ लागला.

तळव्यांआड वात अजून निळसर धुगधुगत होती. तुळसाबाईनं पणती भरली. काठोकाठ. गीता येऊन तिच्या शेजारी बसली, मांडीवर मयुरीला घेऊन. तिघींच्या तोंडावर तेवढाच उजेड होता. खाली बॅटरी एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर गेली, थांबली. मग हेमराजचा आवाज आला, पण या वेळी तो ओरडत नव्हता. काय म्हणतो ते ऐकू आलं नाही. लहानपणी वासरू कुठं अडकलं की तो असा बोलायचा.

मग उजेड जमिनीकडं वळला आणि बराच वेळ तिथंच राहिला.

"काय झालं असन?" गीता पुटपुटली.

तुळसाबाईचे ओठ हलत होते. नाव होतं की नुसताच श्वास, ते कळत नव्हतं.

हेमराज आला तो अंधारातूनच. आधी पावलं ऐकू आली, मग खांद्यावर तारेचं भेंडोळं दिसलं, घाईघाईनं गुंडाळलेलं, मध्येच धानाची पानं अडकलेली. त्यानं ते कोठ्याच्या खुंटीला टांगलं. हौदापाशी जाऊन पाय धुतले. गुडघ्यांपासून खाली चिखलच चिखल होता. जाताना एवढा नव्हता.

"कोन होतं?" गीतानं विचारलं.

"बुजगावनं," हेमराज म्हणाला.

तो पाय धूतच राहिला. स्वच्छ झाले तरी पाणी घेत राहिला. गीतानं टॉवेल पुढं केला.

"अन बॅटरी कुठी हाय?"

हेमराजनं टॉवेलमध्ये तोंड पुसलं.

तुळसाबाईनं खाली पाहिलं. तिच्या एका डोळ्याला दुधातून पाहिल्यासारखं दिसत होतं, पण घरात, परसात, कोठ्यात कुठंच विजेचा दिवा नव्हता, त्यामुळं दूरचं तेवढं तिलाही दिसलं. नाल्यापलीकडं एक लहानसा उजेड टोलीकडं चढत होता. हलत होता. डोक्यावर ओझं असलेलं माणूस जसं हलतं, तसा.

या वेळी तिनं पणतीत तेल घातलं नाही. जेवढं होतं तेवढं जळू दिलं. हेमराजही बसून राहिला, आणि कोणी घाई केली नाही. दिवा एकदा मोठा झाला, आत गेला, आणि आपला आपण शांत झाला.

मयुरीनं बापाकडं पाहिलं. विचारायची तिची हिंमत होत नव्हती.

"जाय," हेमराज म्हणाला. "आता उचल. तूच उचल."

स्टूल ओढल्याचा आवाज झाला. दांडा खाडकन वर गेला. घर उजळलं, पंखा जागा झाला, टीव्हीवर आता दुसरीच कोणीतरी बाई होती आणि तीही मोठ्यानं बोलत होती. गीतानं गोधडी बाजूला केली. इतका वेळ झाला तरी तणसातल्या गंजातून वाफ निघाली. भात मोकळा झाला होता.

जेवताना हेमराजनं मान वर केली नाही. तुळसाबाईनं ताटात थोडासाच भात घेतला. दोन घास खाल्ल्यावर ती म्हणाली, "गीता, उद्या मायं करू नको. उपास हाय."

"उद्या कायचा उपास, आत्याबाई? एकादशी तं पुढच्या हप्त्यात हाय."

"नेम मोडला ना माया."

गीता वाढता वाढता थांबली. मयुरी आजीच्या तोंडाकडं पाहत होती.

"मायं बी करू नको," हेमराज म्हणाला.

"तुमचा कायचा?"

त्यानं पाण्याचा पेला उचलला आणि सगळा पिऊन टाकला. उठला. हात धुवायला परसात गेला तेव्हा कोठ्यातला बोर्ड त्याच्यासमोर आला. तार खुंटीला टांगलेली होती, वायर अंगणात पडलेली होती, आणि तरीही दुपारी दाबलेलं ते बटण तसंच खाली होतं. त्याच्या बाजूची लाल खूण बारीकशी जळत होती, कशासाठीच नाही.

ओल्या हातानं तो पुढं झाला. मग थांबला, हात सदऱ्याला नीट पुसला, दोन्ही बाजूंनी, आणि बटण बंद केलं.